खप्पामर्जी

शेणवे गावात भाताची झोडणी संपत आली होती. खळ्याखळ्यांवर गोणी शिवल्या जात होत्या. त्या दिवसांत तिथला एक पोरगा एका व्यापाऱ्याकडे मापाडी म्हणून काट्यावर उभा राही. हात चलाख, हिशेब चोख, म्हणून शेठच्या मर्जीतला. चहा त्याला आधी मिळे आणि शहापूरला जाताना शेठच्या गाडीत पुढची जागाही त्याचीच असे.

एके संध्याकाळी शेठ त्याच्या कानाशी लागला, "उद्यापासून गोणीमागे दोन किलो कमी लाव. ओलाव्याची घट म्हणायची."

भात तर कडकडीत वाळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिली गोणी एका कातकरी बाईची आली. काट्याने दाखवलं तेवढंच वजन पोराने वहीत लिहिलं. पुढच्या गोणींनाही तसंच. दुपारी शेठने वही पाहिली आणि एक शब्दही न बोलता ती त्याच्या हातून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून काट्यावर दुसरा माणूस उभा राहिला.

पोरगा शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींच्या ओटीवर येऊन बसला. "गुरुजी, माझी खप्पामर्जी झाली."

गुरुजींनी त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "तुझी झाली, की शेठची?"

पोराला उमगेना.

"अरे, शब्द उलगडून बघ. 'खप्पा' म्हणजे अरबी-फारसीतला 'खफा', रुष्ट झालेला. 'मर्जी'ही तिकडचीच. राजी, रजा आणि मर्जी ही एकाच धातूची लेकरं. दरबारी कारभाराबरोबर हे शब्द मराठीत आले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी मर्जी काही आपल्या जिभेवरून गेली नाही. कारण ज्याच्या हाती सत्ता, त्याची मर्जी सांभाळायची सवयही गेली नाही."

"पण मर्जीतून उतरलो तर मीच ना?"

"मर्जी ज्याची, खप्पाही त्याचीच होते. काल भात दोन किलोंनी हलकं झालं का? तुझा हात बदलला का? बदलला तो शेठ. आता दुसरा शब्द घे, 'मनातून उतरणं'. दोन किलो चोरले असतेस, तर त्या बाईच्या मनातून उतरला असतास, आणि ती उतरण खरोखर तुझी असती. लोक या दोन उतरणींत गल्लत करतात आणि पहिलीच्या भीतीने दुसरी पत्करतात."

पोरगा गप्प होता. गुरुजी पुढे म्हणाले, "रामशास्त्री प्रभुणे ठाऊक आहेत?"

"आपल्या माहुलीचे?"

"आपली माहुली किल्ल्याची. ते साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री तेव्हा मुख्य न्यायाधीश. चौकशीचा धागा थेट त्यांचे काका राघोबादादांपर्यंत गेला, आणि तेच पेशवेपदावर बसलेले. शास्त्रीबुवांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पेशव्यांची मर्जी गेली, पद गेलं. पुढे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कारभार हाती घेतला, तेव्हा न्यायासाठी त्यांनाच परत बोलावलं. इतक्या वर्षांनी मर्जीत राहिलेल्यांची नावं कोणाला आठवतात? रामशास्त्र्यांचं नाव आजही न्यायाला दुसरा शब्द म्हणून घेतात."

पोरगा उठला. त्या वर्षी त्याने मजुरीवर दिवस काढले, आणि ते सोपे गेले नाहीत. घरात आईची कुरबुर ऐकावी लागली, शेठ रस्त्यात भेटला की मान फिरवी.

पुढच्या हंगामात त्या कातकरी बाईच्या खळ्यावर भात तयार झालं. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा होता. ती गोणीवर हात ठेवून म्हणाली, "त्या पोराला बोलवा. त्याने मापल्याबिगर गोण उचलायची नाय." शेजारच्या खळ्यांवरूनही तेच निरोप आले.

मर्जी दुसऱ्याच्या मुठीत असते. ती तो देतो आणि काढूनही घेतो. तिच्यासाठी आपल्या हातातला काटा वाकवू नका. कोणाची खप्पामर्जी झाली, तर आधी स्वतःला एवढंच विचारा: माझं माप खरं होतं ना? होतं, तर तुम्ही कुठूनही उतरलेला नाहीत.