दहा मीटरच्या आतला शेजारी



मोबाईलमधले ब्लूटूथ आता आजी-आजोबांनाही ठाऊक आहे. हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आले. त्याने ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतला होता.

ब्लूटूथचे नियम दोन. दोन्ही फोन जवळ हवेत, साधारण दहा मीटरच्या आत. पण जवळ असणे पुरेसे नाही. एकाने विचारावे लागते, दुसऱ्याने होकार द्यावा लागतो. मगच जोडणी होते.

माणसांचेही असेच नाही का? फ्रेंच कॅथलिक तत्त्वचिंतक गाब्रिएल मार्सेल सांगत की, एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्यापासून फार दूर असू शकतो. अंतर आणि सान्निध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅप आले. जवळ आलेल्या फोनची नोंद ते ब्लूटूथने ठेवी. हेतू चांगलाच होता, रोग रोखण्याचा. पण त्या दिवसांत जवळ येणारा प्रत्येक जण आपल्याला धोका वाटू लागला. पुढच्याच महिन्यात, ८ मे रोजी पहाटे, आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले, मध्य प्रदेशातील आपल्या घरी जाणारे. थकून रुळांवरच झोपले होते. त्यांच्या वाटेवर गावे होती, घरे होती. आपण सारे दारे लावून बसलो होतो. भीती खरी होती, म्हणून कोणाला दोष देणे सोपे नाही. तरी प्रश्न उरतोच: ते आपले शेजारी होते की नव्हते?

संत लूकच्या शुभवर्तमानातील जखमी वाटसरूला पाहून दोघे बाजूने निघून गेले. अंतर त्यांना कमी नव्हते. त्यांनी होकार दिला नाही. शोमरोनी माणसाने दिला. निघून जाणाऱ्यांतला पहिला याजक होता, हे आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये.

म्हणजे शेजार अंतराने ठरत नाही, होकाराने ठरतो. अंतर फक्त संधी देते. ती संधी आपल्याला रोज मिळते: जिन्यात, रिक्षात, घाटीच्या रांगेत, घरातल्या जेवणाच्या ताटावर.

आज मिस्सामध्ये शांतीची खूण देताना शेजारच्या बाकावरील अनोळखी व्यक्तीला नाव विचारू या. कानातला इअरफोन घरी गेल्यावरही थोडा वेळ काढून ठेवू या. कोणीतरी दहा मीटरच्या आत आपल्या होकाराची वाट पाहत असेल.

आपले धर्मगुरू