आधी अंदाज, मग ताळा

५०० चं वर्गमूळ किती? कॅल्क्युलेटर हाताशी असताना असं काही डोक्यात सोडवत कुणी बसत नाही. तरी जरा बसावं. २२ चा वर्ग ४८४, २३ चा ५२९. म्हणजे उत्तर बावीसच्या पुढे, तेवीसच्या आत. ४८४ वजा जाता उरलेल्या १६ ला बावीसच्या दुपटीने, म्हणजे ४४ ने भागलं की ०.३६३६ येतात. वहीत २२.३६३६ लिहावं आणि मगच बटण दाबावं. यंत्र सांगतं २२.३६०६. फरक हजारांशातला.

घाईत एक शून्य जास्त दाबलं गेलं तर पडद्यावर ७०.७१ उमटतं. अंदाज केलेला माणूस तिथेच थबकतो. न केलेला निमूटपणे आकडा उतरवून घेतो. यंत्राची काहीच चूक नसते, त्याला विचारलं त्याचंच उत्तर ते देतं. शंका घेणं आपलं काम, आणि शंका घ्यायला स्वतःचं असं काहीतरी आधी जवळ असावं लागतं.

त्याहून मोलाचं मला वाटतं ते आधी लिहून ठेवणं. मुलांच्या वह्यांत दिसतं ना, पेन्सिलीने २२.७ लिहिलेलं, मग खसाखसा खोडलेलं, त्या जागी कागद विरलेला आणि वर ठसठशीत २२.३६. उत्तर बरोबर, पण शिकण्यासारखं जे होतं तेच पुसून गेलं. म्हणून माझी शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे: तो २२.७ राहू द्या. शेजारी यंत्राचं उत्तर, त्याच्या शेजारी फरक, अधिक-उण्याच्या चिन्हासकट. त्या फरकापायी गुण कापू नका.

आपण मोठी माणसं खोडरबर न वापरता हेच करतो. येणाऱ्या सुनेबद्दल, शेजाऱ्याच्या नव्या धंद्याबद्दल, निवडणुकीच्या निकालाबद्दल, काहीही घडलं की म्हणतो, ‘मला वाटलंच होतं.’ आधी काय वाटलं होतं ते कुठेच नोंदलेलं नसतं, त्यामुळे कुणी हटकतही नाही. माणसांना कायम कमी लेखणाऱ्याला आपण कायम एकाच बाजूला चुकतो हे अशाने जन्मभर कळत नाही.

चूक कोणत्या बाजूची हे कळलं की पुढची वाट सापडते. वर केलेली रीत बरोब्बर पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येला नेहमी थोडं जास्तच उत्तर देते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, यज्ञवेदी दोरीने आखायच्या त्या काळात, दोनच्या वर्गमुळासाठी दिलेला नियम पाहा. एकात त्याचा तिसरा भाग मिळवायचा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवायचा. झाले १७/१२. याचा वर्ग दोनहून १/१४४ ने जास्त भरतो. नियम इथे थांबत नाही. त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करायला सांगतो. येतात ५७७/४०८, म्हणजे दशांशात १.४१४२१५. खरं उत्तर १.४१४२१३ पासून पुढे जातं.

ताळा यंत्राशिवायही करता येतो. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. एकाचा फरक उरला, आणि तो शून्यावर आणणारा अपूर्णांक असूच शकत नाही.