उणे दहाचे चार तास

सावकाश वाचा. हातात एखादं घाईचं काम असेल, तर ते आधी उरकून या. आज आपण ज्या गोष्टीजवळ बसणार आहोत, ती घाईने होत नाही.

मोटरसायकलची हेल्मेटं तपासणारी एक प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात कपाटाएवढा कोल्ड चेंबर आहे. त्याचं दार जाड, दाराच्या कडेने रबराची पट्टी, आत जाळीच्या फळ्या. कॉम्प्रेसर एका सुरात घरघरतो आहे आणि आतला पंखा गार हवा सगळीकडे सारखी फिरवतो आहे. आकडा दाखवतो आहे उणे 10 अंश सेल्सिअस. जाळीच्या फळीवर एक कोरं हेल्मेट ठेवलं आहे, चहूबाजूंनी हवा लागेल असं मोकळं. ते कुणाच्याही डोक्यावर जाणार नाही. थोड्या वेळाने ते लोखंडी ऐरणीवर आपटलं जाईल. त्याआधी त्याला गारठायचं आहे.

अमेरिकेच्या मोटरसायकल हेल्मेटच्या सरकारी मानकात, म्हणजे 1974 पासून लागू असलेल्या नियम क्रमांक 218 मध्ये, हा गारठा किमान चार तासांचा आहे. युरोपातल्या मानकात तर पारा उणे 20 पर्यंत उतरवतात.

चार तास कशासाठी? हेल्मेटवर नजर स्थिर करा आणि थंडीबरोबर बाहेरून आत जा.

सगळ्यात वर कवच. एबीएस प्लॅस्टिक, पॉलीकार्बोनेट किंवा फायबरग्लासचं, काही मिलिमीटर जाडीचं. थंडी त्यातून लवकर जाते. त्याच्या आत पांढऱ्या दाण्यांचा जाड थर आहे. हा थर म्हणजे थर्माकोलच. गणपतीच्या मखरासाठी वर्षानुवर्षं आपण जो कापला, कोरला, त्याचाच जास्त घट्ट दाबलेला प्रकार. त्याचा बहुतेक भाग हवा असतो, चिमुकल्या बंद कप्प्यांत कोंडलेली. अशी हवा उष्णता सहज सोडत नाही आणि थंडीही सहज आत घेत नाही. मासळी आणि बर्फ थर्माकोलच्या पेटीत ठेवतात ते याच गुणासाठी. हा गुण इथे परीक्षकाला वाट पाहायला लावतो. थोड्याच वेळात कवच हाताला बर्फासारखं लागेल, पण आतला थर अजून खोलीतली ऊब धरून असू शकतो. तेव्हाच परीक्षा घेतली, तर ती फक्त वरवरच्या गारठ्याची परीक्षा होईल.

इथे थांबा. एक श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा. वरून पाहणाऱ्याला या चार तासांत काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र दाण्यामागून दाणा गार होतो आहे.

आता दुसरा प्रश्न मनात धरा. थंडीने हेल्मेटचं काय बिघडतं?

ते कडक होतं. यात वाईट काय, असं पहिल्यांदा वाटतं. डोक्यावरची वस्तू कडक असलेलीच बरी, असं आपण धरून चालतो. या समजापाशी थोडा वेळ बसा.

माणूस रस्त्यावर पडतो तेव्हा डोक्याला एक वेग असतो आणि तो वेग शून्यावर यायचा असतो. किती अंतरात येतो, यावर सगळं अवलंबून आहे. हाच वेग तीन मिलिमीटरऐवजी तीन सेंटीमीटरमध्ये ओसरला, तर डोक्यावरचा सरासरी धक्का दहावा हिस्सा होतो. ते जास्तीचं अंतर थर्माकोलचा थर देतो. आदळताना त्याचे दाणे चिरडतात, आणि चिरडण्यात आघाताची ऊर्जा खर्च होते. थर चिरडला, म्हणून मेंदू कवटीच्या आत कमी वेगाने हिसकला जातो. हेल्मेटचं रक्षण त्याच्या हार मानण्यात आहे.

थंडी ही हार मानण्याची ताकद काढून घेते. गारठलेला थर उशिरा आणि कमी चिरडतो, आणि आघात जास्त तीव्रतेने डोक्याकडे पोचतो. एबीएसच्या कवचात रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. तडा पुढे सरकू लागला, की हे कण त्याला अडवतात. थंडीत रबराचीच लवचिकता कमी होते आणि कवच ठिसूळपणाकडे झुकतं. उष्णतेत याच्या उलट घडतं. थर इतका मऊ पडू शकतो, की तो पूर्ण दबून जातो आणि आघात अजून शिल्लक राहतो. म्हणून त्याच नमुन्याचं एक हेल्मेट 50 अंशांच्या आसपास तापवतात, एक पाण्यात बुडवून ठेवतात, एक खोलीच्या साध्या हवेत ठेवतात. चारही हेल्मेटं उत्तीर्ण व्हावी लागतात. एकाच्या यशाने दुसऱ्याचं अपयश झाकता येत नाही.

हे चार ऋतू कुणासाठी आहेत, याचा विचार करा. जानेवारीत लेहमध्ये रात्रीचा पारा उणे 10 च्याही खाली जातो. तिथे पहाटे गाडीला किक मारणारा कुणी असतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात दुपारभर आरशाला लटकलेलं हेल्मेट संध्याकाळी डोक्यावर चढवणारा कुणी असतो. पावसात कोकणच्या घाटात भिजत जाणारा कुणी असतो. परीक्षक यांच्यापैकी कुणालाही ओळखत नाही. तरी त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसाचं हवामान तो आधीच खोलीत आणून ठेवतो.

आता चेंबरचं दार उघडलं आहे. खोलीतली दमट हवा कवचाला लागते आणि त्यावर दव धरतं. इथून घड्याळ चालू होतं. अमेरिकी नियमाप्रमाणे बाहेर काढल्यापासून दोन मिनिटांनी आघात सुरू करायचे आणि चौथं मिनिट संपण्याआधी हेल्मेटवरच्या एका जागेचे आघात पुरे करायचे. हेल्मेट धातूच्या कृत्रिम डोक्यावर बसवतात आणि सपाट ऐरणीसाठी 1.83 मीटरवरून सोडतात. खाली पोचेपर्यंत वेग सेकंदाला सुमारे सहा मीटर होतो. कृत्रिम डोक्यातला संवेदक धक्का मोजतो. तो गुरुत्वाच्या 400 पटींच्या वर जाता कामा नये.

उशीर झाला तर? चार मिनिटांच्या वर बाहेर गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे हेल्मेटला निदान तीन मिनिटं परत थंडीत ठेवायचं. या नियमापाशी शांतपणे बसा. गारठा निघून गेल्यावर मोजलेला आकडा उत्तीर्ण दाखवेलही, पण तो त्या पहाटेच्या माणसाबद्दल काही सांगणार नाही. आपल्या सोयीने परीक्षा सौम्य झाली, तर तिची किंमत दुसराच कुणी भरतो. म्हणून परीक्षकाने पुन्हा दार उघडायचं, हेल्मेट आत ठेवायचं आणि वाट पाहायची.

अशा शिस्तीमागे दुःखही आहे. 1956 मध्ये विल्यम ‘पीट’ स्नेल हा अमेरिकी शर्यतपटू अपघातात गेला. त्याने हेल्मेट घातलेलं होतं. त्या काळचं ते हेल्मेट त्याला वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने स्नेल मेमोरियल फाउंडेशन उभं राहिलं आणि हेल्मेटची काटेकोर परीक्षा हेच त्याचं काम ठरलं. गेलेल्या मित्राची आठवण अनोळखी लोकांच्या उपयोगी पडेल अशा रीतीने जपली गेली. स्मारकाचा याहून चांगला प्रकार मला माहीत नाही.

शेवटी लक्ष स्वतःकडे वळवा. ज्यांच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावर आहे, त्यांच्यासाठी आपण कणखर व्हायला पाहतो. कणखरपणा म्हणजे गारठून कडक होणं, असं तर आपण धरलेलं नाही ना? वेळ आली तर आपल्यातला कोणता थर दबायला तयार आहे? उत्तर लगेच नको. हा प्रश्नही आतपर्यंत पोचायला वेळ घेईल.

आणि मननातून उठताना एक साधा संकल्प करा. दाणे एकदा चिरडले की पुन्हा फुलत नाहीत, म्हणून जोराचा आघात झेललेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. विकत घेताना आयएसआय खूण पाहा. 1 जून 2021 पासून आपल्याकडे ती बंधनकारक आहे. आणि गाडी सुरू करण्याआधी हनुवटीखालचा पट्टा नीट लावा. तपासणाऱ्याने आपल्या वाट्याचे तास दिले आहेत. पट्टा लावण्याचे क्षण आपण द्यायचे आहेत.