गारठलेली बॅटरी

लेहमध्ये एक म्हातारा फोटोग्राफर होता. त्याच्या हाताखाली दोन शागीर्द होते. थोरला तिथलाच, मोठा चपळ. धाकटा खालच्या मैदानी मुलखातून नुकताच आलेला. लडाखचा हिवाळा त्याच्या अंगाला मानवेना. बोटं आखडायची. कॅमेऱ्यात फिल्म भरायलाही त्याला फार वेळ लागायचा.

थोरला रोज म्हणायचा, "उस्ताद, याला परत पाठवा. हा निकामी आहे."

उस्ताद ऐकून घेत. हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

ऐन थंडीत स्पितुक मठाचा गुस्तोर उत्सव आला. त्यात लामा मुखवटे घालून अंगणात छाम नाचतात आणि शेवटी तोरमा, म्हणजे पिठाची पूजेतली आकृती, तोडतात. त्या शेवटच्या क्षणाचा फोटो मठाला हवा होता. उस्तादांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांनी आपला कॅमेरा थोरल्याच्या हाती दिला आणि धाकट्याला मदतीला धाडलं.

कॅमेरा होता कॅनन एई-1, 1976 साली निघालेला. त्याचं शटर विजेवर चालतं. पोटात सहा व्होल्टची एक लहानशी बॅटरी असते. ती नसली तर बटण कितीही दाबा, फोटो निघत नाही. निकॉनच्या एफएम2 मध्ये बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते, ती काढून टाकली तरी शटर चालतं. एई-1 ला ती सोय नाही.

थोरल्याने दोन नव्या बॅटऱ्या पत्र्याच्या डबीत घातल्या आणि डबी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. कॅमेरा कोटावरून गळ्यात अडकवला. पारा शून्याच्या खूप खाली होता. दोघं पायीच निघाले.

नाच सुरू झाला. थोरल्याने चार-पाच फोटो काढले आणि शटर अडलं. त्याने बॅटरी तपासायचं बटण दाबलं. काटा जागचा हलेना. त्याने डबीतली नवी बॅटरी घातली. तीही तशीच. दुसरी घातली. तीही तशीच.

"दुकानदाराने मेलेला माल दिला!" असं म्हणत त्याने तिन्ही बॅटऱ्या बर्फात फेकल्या आणि डोकं धरून बसला.

धाकट्याने त्या वेचल्या. पुसल्या. कोटाच्या आत, सदऱ्याच्याही आत, काखेत धरल्या. त्या बर्फासारख्या लागत होत्या, पण त्याने हात काढला नाही.

"काय करतोस?" थोरल्याने विचारलं.

"दादा, माझी बोटं आखडली की मी अशीच धरतो. मग ती चालतात."

बऱ्याच वेळाने त्याने एक बॅटरी काढून दिली. थोरल्याने ती घातली, बटण दाबलं. काटा हलला.

मग दोघांनी क्रम लावला. एक बॅटरी कॅमेऱ्यात, दोन काखेत. कॅमेऱ्यातली गारठली की बदलायची. थोरला नेहमीच्या झटक्याने फिल्म पुढे ओढू लागला, तेव्हा धाकटा म्हणाला, "हळू, दादा. थंडीत फिल्म ठिसूळ होते, तुटेल." थोरला प्रथमच त्याचं ऐकून हळू झाला. तोरमा तुटला त्या क्षणी शटर वाजलं.

घराच्या दाराशी धाकट्याने कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं, म्हणजे आतल्या उबेत येताना दव कॅमेऱ्यावर न धरता पिशवीवर धरेल. मग दोघं आत गेले. थोरल्याने घडलं ते सगळं सांगितलं, बॅटऱ्या फेकल्याचंही.

उस्ताद म्हणाले, "बॅटरीच्या आत रसायनांची हालचाल चालते, तिच्यातून वीज निघते. थंडीत ती हालचाल मंदावते. वीज आतच असते, बाहेर यायला ऊब मागते."

थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "गारठलेल्याला मेलेला समजू नये, बाळांनो."

थोरला काही बोलला नाही. उठला, आणि दाराजवळच्या थंड कोपऱ्यातलं धाकट्याचं मेज ओढत बुखारीच्या शेगडीपाशी आणलं. आपलं मेज त्याने त्या कोपऱ्यात नेलं. आठवडाभरातच धाकट्याचा फिल्म भरायचा वेळ निम्म्यावर आला.