अर्जातला ‘मी’

पदवी हातात पडली की काही मुलामुलींसमोर एक वेगळ्याच प्रकारचा अर्ज येतो. तो नोकरीचा नसतो आणि पुढच्या शिक्षणाचाही नसतो. वर्षभर एखाद्या खासदाराला मदत करायची, विधेयके वाचून काढायची, आकडे जमवायचे, सभागृहात मांडायचा मुद्दा तयार करून द्यायचा, असे ते काम. दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ‘लॅम्प’ नावाची अशी फेलोशिप २०१० पासून चालवते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. जागा मोजक्या, अर्ज पुष्कळ. त्यामुळे अर्जात किंवा मुलाखतीत कुठेतरी तो प्रश्न येतोच: आम्ही तुमचीच निवड का करावी?

प्रामाणिक उमेदवाराचा हात इथे थबकतो. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हे त्याने घरी ऐकलेले असते. जायचे आहे सेवेला, आणि सुरुवातच स्वतःच्या कौतुकाने करायची. शिवाय हे काम तरी कसले? सत्तेच्या दारात उभे राहून मागण्याचे. इंग्रजीत त्याला लॉबिंग म्हणतात. मराठीत त्यासाठी एकच शब्द नाही आणि ते बरेच आहे, कारण वशिला, पाठपुरावा आणि शिष्टाई या तीन शब्दांत मराठीने तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या आहेत. वशिला माणूस स्वतःसाठी लावतो. पाठपुरावा एखाद्या प्रश्नाचा होतो. शिष्टाई मात्र दुसऱ्याच्या वतीने, दोन बाजूंच्या मध्ये उभे राहून करायची असते, आणि तिला कृष्णाचे नाव जोडलेले आहे.

निष्काम सेवेसाठी स्पर्धेत उतरता येते का, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या अर्जाच्या भाषेचा नाही. तो धर्माचा आहे.

१७८५ साली केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधाची स्पर्धा ठेवली. इच्छेविरुद्ध माणसांना गुलाम करणे न्याय्य आहे का, असा विषय कुलगुरू पीटर पेकर्ड यांनी दिला होता. टॉमस क्लार्कसन या पंचविशीतल्या पदवीधराने त्यात भाग घेतला. आदल्या वर्षी त्याने एक बक्षीस मिळवले होते आणि आता दुसरे मिळवून नाव राखायचे होते. गुलामांच्या व्यापाराबद्दल त्याला फारसे ठाऊक नव्हते. मिळतील ती पुस्तके आणि कागद वाचता वाचता त्याची झोप उडाली. बक्षीस त्यालाच मिळाले. निबंध विद्यापीठात वाचून दाखवून तो घोड्यावरून लंडनला निघाला, पण वाटेत हर्टफर्डशरमधल्या वेड्समिल गावाजवळ उतरून रस्त्याच्या कडेला बसला. निबंधात लिहिले ते खरे असेल, तर हे थांबवायला कोणीतरी उठले पाहिजे, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. त्या जागी आज स्मारक आहे.

दोन वर्षांनी, मे १७८७ मध्ये, लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिती स्थापन झाली. त्यांतले नऊ क्वेकर पंथाचे होते. त्यांच्या धर्ममतामुळे संसदेची दारे त्यांना बंद होती, म्हणून ते बाहेरून निवेदने देत होते. क्लार्कसन त्यांचा फिरता साक्षीदार झाला. सात वर्षांत त्याने घोड्यावरून सुमारे पस्तीस हजार मैल पालथे घातले. बंदरांत जाऊन खलाशांच्या साक्षी घेतल्या. लिव्हरपूलच्या दुकानातून बेड्या आणि अंगठे चिरडण्याचे यंत्र विकत आणले, कारण खासदारांना शब्दांपेक्षा लोखंड लवकर कळेल हे त्याने ओळखले होते. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला.

क्लार्कसनने स्पर्धेत भाग घेतला तो नावासाठी, आणि पुढे त्याने स्वतःच हे लिहून ठेवले. त्याच्या हेतूची परीक्षा निबंध देतानाच घेतली असती तर तो नापास झाला असता. आपल्याकडे हेतूच्या शुद्धीला फार महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे, पण ही शुद्धी पहिल्या पायरीवरच दाखवा असा आग्रह धरला, तर दारात दोनच प्रकारची माणसे उरतील: खोटे बोलणारी आणि परत फिरणारी. हेतू कामातही शुद्ध होतो. नाव मिळवायला आलेल्या माणसाच्या हातात खऱ्या दुःखाचा कागद पडला की तो कागद त्याला बदलू शकतो. अट एकच, त्याने तो नीट वाचला पाहिजे.

या प्रश्नाला संस्थेचे रूप पुण्यात मिळाले. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, स्थापना केली. आधी स्वतः शपथ घेतली आणि मग तिघा सहकाऱ्यांना दिली. गोखले पूजाअर्चेत रमणारे गृहस्थ नव्हते, तरी सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, असे त्यांनी समाजाच्या घटनेच्या प्रास्ताविकातच लिहिले. शपथा सात होत्या. देश सतत मनात पहिला राहील आणि त्याला आपल्यातले सर्वोत्तम देऊ, ही पहिली. त्या सेवेत स्वतःचा लाभ शोधणार नाही, ही दुसरी. पुढे जात-धर्म न पाहता सर्वांना बंधू मानणे, समाज देईल त्यात कुटुंबासह भागवणे, खासगी जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशी व्यक्तिगत भांडण न करणे आणि समाजाच्या उद्दिष्टांना जपणे. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्या काळात अभ्यास करायचा, देश हिंडून पाहायचा.

पहिल्या दोन शपथा शेजारी ठेवून वाचाव्यात. आपल्यातले सर्वोत्तम द्यायचे, तर आपल्यात काय आहे हे आधी ओळखावे लागते आणि सांगावेही लागते. गणित चांगले असलेल्याने ते लपवणे ही नम्रता नाही, कारण त्या गणिताची कोणाला तरी गरज आहे. गोखल्यांनी ‘मी’ पुसून टाकायला सांगितले नाही. तो कामाच्या हवाली करायला सांगितले. अर्ज लिहिणाऱ्याने इतके समजून घेतले तर त्याचा थबकलेला हात पुढे सरकेल.

या समाजाकडे आलेला सर्वांत प्रसिद्ध अर्ज मागे घेतला गेला. जानेवारी १९१५ मध्ये मोहनदास गांधी आफ्रिकेहून परतले. गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश पाहायला सांगितले होते, तोवर जाहीर मते मांडायची नाहीत. गांधींनी समाजात यावे ही गोखल्यांची इच्छा होती, पण १९ फेब्रुवारीला गोखले गेले. गांधींनी अर्ज केला तेव्हा सभासदांत दोन तट पडले. या माणसाची आणि समाजाची कार्यपद्धती जुळणार नाही, असे काहींना मनापासून वाटत होते. निर्णय लांबणीवर पडला. बहुमताने आत जाणे म्हणजे गोखल्यांच्या समाजात फूट पाडणे, हे गांधींना उमगले आणि त्यांनी अर्ज परत घेतला. विरोध करणाऱ्यांशी त्यांचे नाते त्यामुळे अधिक जवळचे झाले. निवड न होण्याकडे असेही पाहता येते.

ज्या क्वेकर पंथाने क्लार्कसनला साथ दिली, त्याच्या सभांतही मतदान होत नाही. सगळे शांत बसतात, बोलावेसे वाटले तर कोणी उठून बोलतो आणि सभेचा कौल उमटेपर्यंत थांबतात. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या क्वेकरांनी वॉशिंग्टनमध्ये फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन ही संस्था काढली आणि उघडपणे लॉबिंग सुरू केले. नुकतेच पदवीधर झालेले तरुण तिथेही फेलो म्हणून येतात आणि युद्ध, तुरुंग, निर्वासित अशा विषयांवर खासदारांच्या कार्यालयांत जाऊन बोलतात. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. ती खरी मानली, तर युद्धाला मत देणाऱ्या सिनेटरमध्येही तो अंश आहे असे धरून त्याच्यासमोर बसावे लागते. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. आचरायला मात्र ती फार अवघड आहे, कारण समोरच्याला दुष्ट ठरवले की लढणे सोपे जाते.

लॉबिंगचा खरा धर्मसंकटाचा प्रसंग गोखल्यांवर १८९७ मध्ये आला. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाचा भार आणि दारिद्र्य यांवर त्यांनी साक्ष दिली, ती गाजली. याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि गोरे सैनिक घरोघर झडत्या घेत होते. पुण्याहून त्यांना पत्रे आली. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला, असे त्यांत होते. गोखल्यांनी हे मँचेस्टर गार्डियनला सांगितले. ब्रिटनमध्ये खळबळ उडाली, सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. पत्रलेखकांची नावे त्यांनी फोडली नाहीत. वृत्तपत्रांतून बिनशर्त माफी मागितली, गव्हर्नरची आणि सैनिकांचीही.

पुण्यात त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला. आजही वाचताना मन अस्वस्थ होते. सिद्ध झाले नाही म्हणजे घडले नाही, असे होत नाही. त्या काळच्या घरातली स्त्री साक्षीला उभी राहणे जवळजवळ अशक्य होते, आणि या माफीनंतर तिच्यासारखीचे बोलणे आणखी अवघड झाले असणार. ही किंमत खरी होती आणि ती गोखल्यांनी एकट्याने चुकवली नाही. तरीही ते योग्य वागले असेच म्हणावे लागते. जे स्वतः पाहिले नाही आणि सिद्ध करता येत नाही, ते त्यांनी घडलेली घटना म्हणून सांगितले होते. शिष्टाई करणाऱ्याकडे सैन्य नसते, पैसा नसतो. शब्द असतो. मिठावरच्या कराविरुद्ध गोखले पुढे आकडे घेऊन उभे राहिले आणि मणाला अडीच रुपयांचा तो कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला, यामागे इतर कारणेही होती, पण त्यांचे आकडे कोणी खोटे म्हणू शकत नव्हते, हेही एक होते. चांगल्या कामासाठी थोडे वाढवून सांगितले तर काय बिघडले, हा मोह लोकहिताच्या कामात रोज येतो. अर्जातल्या स्वस्तुतीपेक्षा तो कितीतरी घातक आहे.

संतांनी राजदरबार टाळला, मग आपण का जावे, असा एक आक्षेप उरतो. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत केला, अशी परंपरा सांगते. तो नजराणा त्यांना स्वतःला आलेला होता. दुसऱ्यासाठी मागायला जाण्याचा दाखला महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. कृष्ण हस्तिनापुरात गेला तेव्हा दुर्योधनाने त्याला जेवणाचे आमंत्रण दिले. दूत काम झाल्यावर जेवतो, असे म्हणून कृष्णाने नकार दिला आणि तो विदुराकडे जेवला. आजच्या लॉबिंगचे नियम भेटवस्तू आणि मेजवान्यांवर मर्यादा घालतात, त्यांचे मर्म यात आले आहे. यश येणार नाही हे दिसत असताना आलास कशाला, असे विदुराने विचारले. शक्य असून प्रयत्न केला नाही, असे कोणी म्हणू नये म्हणून, असे कृष्णाचे उत्तर होते. शिष्टाई फसली. युद्ध झाले.

अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने एकदा मार्च १९१२ मधला केंद्रीय कायदेमंडळाचा वृत्तांत वाचावा. गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आदल्या वर्षी मांडले होते. वर्षभर त्यासाठी मते गोळा केली, सभा घेतल्या, प्रत्येक आक्षेपाला आकड्यांनी उत्तर दिले. ते पडणार, हे बोलायला उठतानाच त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते सांगितलेही, कोणाबद्दल कडवटपणा न ठेवता. तेरा मते बाजूने पडली, अडतीस विरुद्ध. तीन वर्षांनी गोखले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला.