ठेका आहे, बोलणारी कुठे गेली?

अहिराणी गाणं बिघडलं, ही तक्रार जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या मांडवात हमखास ऐकू येते. पूर्वीच्या गाण्यांत काळीज होतं, आता नुसता ठेका उरलाय. ‘हाई झुमकावाली पोर’ लागलं की वऱ्हाड नाचतं, डोळ्यांत पाणी कुणाच्याच येत नाही. मला ही तक्रार अर्धीच पटते.

ठेका इथे कधी नव्हता? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. त्यांत सासरचा जाच आहे, न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट पाहणं आहे. चाल मात्र झोक्याला वेग देणारी, टाळीवर धरता येणारी. रडण्याचे शब्द नाचऱ्या लयीत सुखाने नांदत होते. खानदेशातल्याच बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या आणि त्यांतल्या काही १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटातून वाद्यमेळासह पडद्यावर गेल्या. त्यांचं काही नासलं नाही. बोलणारी बाई तीच राहिली होती.

तिकडे अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावचा ‘जिमी ईट वर्ल्ड’ हा बँडही काळीज की ठेका, अशाच वळणावर आला होता. त्यांचं संगीत ‘इमो’, म्हणजे मनातली तगमग उघडी करणारं रॉक. १९९९चा ‘क्लॅरिटी’ अल्बम फारसा खपला नाही, कंपनीने हात झटकले, तेव्हा पोरांनी पदरमोड करून पुढचा अल्बम केला. तो २००१ साली आला. त्यातलं ‘द मिडल’ चटकन ओठांवर बसणारं. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. पण ते बोलतं कुणाशी? घोळक्यात सामावून न घेतलेल्या माणसाशीच. चाल सोपी झाली, माणूस तोच राहिला.

आपल्याकडे माणूस बदलला. झोक्यावरची ‘मी’ बाजूला झाली. आता बहुतेक गाण्यांत बोलतो पोरगा, ती झुमके घालून दिसते. तिचा आवाज असलाच, तर त्याच्या छेडण्याला उत्तर देण्यापुरता. तरी या गाण्यांना हिणवणं मला जमत नाही. चारचौघांत बोलायला लाज वाटायची ती बोली मुंबईच्या कुठल्या कंपनीची पायरी न चढता युट्यूबवरून खानदेशाबाहेर गेली, हे लहान काम नव्हे.

म्हणून ठेका कमी करा म्हणणाऱ्यांत मी नाही (डीजेच्या कानठळ्या हा वेगळा विषय). त्याच ठेक्यावर झुमकावालीने स्वतःचं काही म्हणावं. सासूबद्दल, हातातल्या मोबाइलबद्दल, पुण्यात नोकरीला असलेल्या नवऱ्याबद्दल. वऱ्हाड त्यावरही नाचेल. सासूबाईसुद्धा नाचतील, शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत.