दुसरे मत

ही गोष्ट भंडाऱ्याची, म्हणजे गोंदियाचीही. १९५४ साली गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये.

१९५४ साली इथे लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दोनच वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा झालेला पराभव त्यांच्या माणसांच्या जिव्हारी लागला होता. धानाच्या बांध्यांत राबणारी, विड्या वळणारी ही माणसे. या खेपेला काहीही करून बाबासाहेब लोकसभेत गेलेच पाहिजेत, एवढेच त्यांना कळत होते.

मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यांतली एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. राखीव जागा गेली तरी एकूण मतांत पुढे राहणारा दुसऱ्या जागेवर निवडून येऊ शके. त्या जागेसाठी समाजवादी नेते अशोक मेहता उभे होते. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला : आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. मेहतांची मते घटतील, बाबासाहेब वर येतील.

बेत बाबासाहेबांच्या कानावर गेला. त्यांनी साफ नकार दिला. ज्याने संविधान लिहिले त्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा हरलेले बरे, अशी त्यांची भूमिका होती.

हा नकार सोपा नव्हता. मत कुजवण्याने कुठला कायदा मोडत नव्हता. शिवाय मुंबईच्या निवडणुकीत विरोधकांनी हेच हत्यार त्यांच्यावर चालवल्याची त्यांची तक्रार होती. त्या निकालाविरुद्ध त्यांनी आणि याच मेहतांनी मिळून अर्जही केला होता. आता तेच हत्यार आपली माणसे आपल्यासाठी, प्रेमापोटी उचलत होती. प्रेमाने केलेली चूक थोपवणे फार जड जाते. शत्रूला नाही म्हणता येते; आपल्यासाठी उपाशीपोटी गावोगाव हिंडणाऱ्याला कसे म्हणायचे?

पण १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागणारा हाच माणूस होता. ज्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हते, त्यांच्या हातात मत आले होते. ते कुजवा म्हणणे म्हणजे स्वतःच्याच कामावर पाणी ओतणे. कार्यकर्त्यांची निष्ठा बाबासाहेबांवर होती, बाबासाहेबांची निष्ठा त्या मतावर. दोन्ही खऱ्या होत्या. पण जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या, तिथे मोठी कोणती हे त्यांनी दाखवून दिले. आपला माणूस चुकत असेल तर त्याला थांबवणे, हाही निष्ठेचाच भाग आहे. मग तो नेता असो की कार्यकर्ता.

निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, दुसरीवर अशोक मेहता. बाबासाहेब हरले. १९५६ साली त्यांचे निधन झाले. लोकसभेवर ते कधीच निवडून आले नाहीत.

गोंदिया-भंडाऱ्यात आजही निवडणुका होतात, आजही कार्यकर्ते नेत्यासाठी जीव टाकतात. त्यांतल्या प्रत्येकाला एवढेच सांगायचे आहे : तुमच्या नेत्याच्या भल्यासाठी म्हणून कुणी वाकडी वाट सुचवली, तर आधी तुम्ही नाही म्हणा. आणि नेत्यानेच ती सुचवली, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा.